प्रतिवेदक

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत तेवीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवलं.
गदारोळ, सभात्याग, 'हे कामकाजातून काढून टाकावे',
सगळ्याला माझ्या पेन्सिलीत एकेक आकडी होती.

आता मुलाकडे, स्कॉटलंडात, कोटब्रिजला.
शेजारची मॉराग म्हणाली, शनिवारी येशील?
पोरांची अभिरूप संसद आहे, टिपणं घ्यायला कुणी नाही.
म्हटलं, इंग्रजीत माझा हात अडखळतो.
मग तुझ्या भाषेत घे. मला नंतर सावकाश सांग.

वाचनालयाचा हॉल. हीटर एकाच बाजूला गरम.
बावीस सदस्य, काही शाळेच्या टायमध्ये,
सभापती पंधरा वर्षांची,
हातोडी मिळाली नाही म्हणून तिच्या हातात लाकडी चमचा.
विषय: जुलैतली मिरवणूक
कॅथलिक चर्चसमोरून जाताना ढोल वाजावा की नाही.

नियम असा, की समोरच्याची बाजू मांडायची.
म्हणून ब्रॉना,
जिच्या आजोबांच्या दुकानाची काच दोनदा फुटली,
ढोलासाठी उभी राहिली. चांगली भांडली.
आणि मिरवणुकीत बासरी वाजवणारा फ्रेझर
शांततेच्या बाजूनं.

सकाळभर 'वी', 'वी'.
मी लिहीत गेले: आम्ही. आम्ही. आम्ही.
त्यांचं तेवढ्या एका शब्दात भागतं.
कुणाला घरात घेतलं, कुणाला दाराबाहेर उभं केलं,
सांगायची गरजच नाही.
मराठीत मला ठरवावं लागतं.

जेवणानंतर फ्रेझर कागदावरचं वाचत होता,
शंभर पावलं, फक्त शंभर पावलं ढोल थांबला तर
आणि त्यानं कागद खाली ठेवला.
दोन वर्षांमागे ढोलाचं कातडं फाटलं, म्हणाला,
नेमकं त्या दारासमोर.
आत गात होते. मला ती चाल अजून येते.
घरी सांगितलेलं नाही.
मग थोडं थांबून: शेवटी 'वी' परत जातो
ते त्याच रस्त्यानं.

माझी पेन्सिल थांबली.
एकाही मंत्र्यासाठी ती कधी थांबली नव्हती.
आम्ही लिहिलं. खोडलं.
आपण लिहिलं. तेही खोडलं,
कारण पोरगा घसा खाकरत होता
आणि ब्रॉना खिडकीबाहेर बघत होती.
मग पुन्हा आपण, जरा दाबून.

मतं अकरा-अकरा.
निर्णायक मत सभापतीचं.
तिनं दोन्हीकडे पाहिलं, चमचा आपटला:
पुढच्या शनिवारपर्यंत तहकूब.

खुर्च्या रचताना मॉरागनं वही पाहिली.
इथे एवढी खाडाखोड कसली?
मी सांगितलं, जमेल तसं.
ती शब्द तोंडात घोळवत राहिली,
'आपन', 'आपन'.
मी दुरुस्त केलं नाही.
आमच्या नागपूरकडे तसंच म्हणतात.