फुसकं

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, एनसीसीच्या कॅम्पात,
काकतीच्या टेकडीमागं पालथं झोपून
मी पहिली गोळी मारली.
पॉइंट टू-टू. लाथ अशी नाहीच तिला,
रेडकानं ढुशी द्यावी तेवढंच.
मला वाटलं, आलं की सगळं.

तिसऱ्या दिवशी थ्री-नॉट-थ्री हातात आली.
दस्ता खांद्यापासून दोन बोटं लांब धरला,
भीतीनंच,
आणि त्या दोन बोटांच्या जागेत ती पळत आली.
रात्री तंबूत हसळीखाली चाचपून बघितलं:
जांभळाएवढं, जांभळाच्याच रंगाचं.
घरी सांगितलं, खानापूर बसमध्ये दांडा लागला.

हवालदार नागोजी बिर्जे, मूळचे जांबोटीचे,
बोलता बोलता कन्नडात शिरायचे
आणि परतीची वाट विसरायचे.
म्हणाले, "लांब धरशील तर मारतीया.
जवळ घे. दस्त्याला गाल लाव.
खांद्यातला खळगा तिच्यासाठीच हाय म्हण."
महिनाभर जवळ घेतली.
गोळ्या तरी टार्गेटखालच्या मातीतच.

मग एकदा, न सांगता,
पाचांतलं एक काडतूस त्यांनी बिनदारूचं भरलं.
मी चाप ओढला.
टक्.
आवाज नाही, धक्का नाही,
आणि नळी मात्र चार बोटं खाली गेलेली.
रांगेत कुणी हसलं नाही.
"बघितलीस?" बिर्जे म्हणाले,
"तिनं कुठं मारलं?
तूच आधी मार खाऊन बसलीस की."

त्यानंतर किती वर्षं, किती खोकी काडतुसं.
लाथ होती तेवढीच राहिली.
मी फक्त तिला अडवायचं सोडलं.
खांद्यातून पाठीत, कमरेतून टाचेत,
टाचेतून तांबड्या मातीत
ती आपली आपण जायला लागली.

बिर्जेंना आता डाव्या कानानं ऐकू येत नाही,
नळीकडचा कान तो.
"त्या बाजूचा सीमावाद मिटला," म्हणतात,
"कन्नड बोला, मराठी बोला, सारखंच."

काल बेळगावात, नव्या मुलींच्या तुकडीत,
सुमय्या किल्लेदारच्या रायफलीत
मी एक रिकामं भरलं.
टक्.
नळी तसूभर हलली नाही.
तिनं मान वळवली. "मिस, फुसकं होतं?"
हो म्हणाले.

माझे दोन्ही हात मोकळे, पाठीमागं,
आणि उजवा खांदा
केव्हाचा आवळून तयार.