नाव घेते

अहो,
सत्तेचाळीस वर्षांत तुमचं नाव मी
मोजून सहा वेळा घेतलं असेल,
तेही यमकाच्या आडोशाने.
लीड्सच्या हळदीकुंकवाला बायकांनी दारात अडवलं तेव्हा,
'हडर्सफील्डच्या टेकडीवर धुकं आलं दाट,
त्र्यंबकरावांची बघते दाराशी वाट.'
सगळ्या हसल्या, कारण तुम्ही खरंच
बाहेर गाडीच्या काचा पुसत वाट बघत होता.

मंगळवारी रजिस्ट्रारने पेनाचं टोपण काढलं.
तरुण पोरगी, नाकात बारीक खडा.
मृताचं पूर्ण नाव?
यमक काही सुचेना.
त्र्यंबक नरहर घैसास, म्हणाले,
आणि जीभ चावली, सवयीने.
स्पेलिंग?
टी, आर, वाय. वाय फॉर यॉर्कशर.
व्यवसाय?
रंगारी म्हटलं असतं तर तिला भिंती दिसल्या असत्या.
म्हटलं, लोकर रंगवायचे.
गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली
तरी नखांच्या कडांना निळं होतं.
तिने लिहिलं, डायर, निवृत्त.

दाखल्याच्या सहा प्रती घ्या,
शेजारच्या मिसेस ॲकरॉयडनी बजावलं होतं.
फोटोकॉपी बँक घेत नाही,
मी तीनच घेतल्या आणि पस्तावले.
हिरवा कागद मात्र अंत्यसंस्कारवाल्याला द्यायचा,
तो हरवायचा नाही.
मी तो ब्लाउजमध्ये ठेवला,
मुंबईहून निघताना पासपोर्ट ठेवला होता तसा.

त्याने विचारलं, पेसमेकर आहे का?
आहे म्हटलं. काढावा लागेल, म्हणाला, भट्टीत फुटतो.
सही केली.
अकराव्या दिवशी सव्वादहाची वेळ मिळाली, अर्ध्या तासाची.
म्हणजे दहावा आधी आणि दहन नंतर.
नाशिकला वन्संना फोनवर सांगितलं,
त्या बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या,
तिकडे थंडी असते ना, चालेल.

सरकारची एक सोय आहे इथे, 'एकदाच सांगा' नावाची.
एकदा सांगितलं की पेन्शनला कळतं, पासपोर्टला कळतं,
गाडीच्या लायसन्सला, बसच्या पासाला कळतं.
पण बँकेला कळत नाही, गॅसला कळत नाही,
कानाच्या मशिनी देणाऱ्या दवाखान्याला कळत नाही.
त्यांना मी सांगते.
टी, आर, वाय, ए, एम.
नाही, टेरी नाही. गिरणीत म्हणायचे टेरी.
बी, ए, के.
दिवसातून आठ वेळा, दहा वेळा,
ज्यांना तोंड नाही अशा लोकांना
मी तुमचं नाव देते.

गॅसवाला म्हणाला, खातं त्यांच्या नावावर आहे,
त्यांच्याशीच बोलावं लागेल.
मी रिसीव्हर तुमच्या खुर्चीकडे धरला.
मुद्दाम नाही, हात गेला.
थोड्या वेळाने तो म्हणाला, हॅलो?

कौन्सिलचं पत्र आलं, सहानुभूतीचं.
एकटी राहते म्हणून करात पंचवीस टक्के सूट.
फाइलला लावलं.
तुम्ही असता तर म्हणाला असता, बघ, फायदा.

मशिनी पाकिटात घालून ठेवल्यात, परत करायच्या आहेत.
एकीची बॅटरी अजून चालू असावी,
मूठ मिटली की शिट्टी वाजते, बारीक.
तुम्हाला ती कधी ऐकू यायची नाही,
मीच ओरडायचे, अहो, कान!

राहिला दूधवाला.
त्याला फॉर्म नाही, दाखला नाही, पासवर्ड नाही.
रिकाम्या बाटलीत चिठ्ठी खोचायची,
'उद्यापासून एकच', बस्स,
कुणाचं नाव लागत नाही.
परवाच लिहिलीय.
ओट्यावर आहे, मिठाच्या बरणीखाली.
आज सकाळी पायरीवर पुन्हा दोन होत्या.
दोन्ही आत घेतल्या.
खीर केली, मिसेस ॲकरॉयडकडे वाडगा पाठवला,
उरली ती
खाल्ली मी उभ्याउभ्या.