दोराची नोंद

दोन हुकूम आले एकाच मंगळवारी.
माझा मोबाइलवर, तालुका समादेशकांचा:
सर्व महिला होमगार्ड, सकाळी सातला अमळनेर ठाण्यात,
टोपीसह. भत्त्याचं नंतर बघू.
हिलालचा रजिस्टर पोस्टाने,
तीन सिंहांच्या शिक्क्याचा, प्रादेशिक सेनेचा.
पोस्टमनने सही घेतली, चहाही घेतला.

एरवी मी शाळेत खिचडी शिजवते,
तो तेलाच्या मिलमध्ये बेअरिंगं बदलतो,
आणि आम्हाला कोणी बोलावत नाही.

सासू सुपातली डाळ थांबवून म्हणाली,
"दोन्ही कागद सरकारनाच ना? मंग दोन कसाले?"
मी सांगायला गेले, हे मुंबईचं, ते दिल्लीचं.
त्याची मिलमधली जागा कायद्याने राखलेली.
माझ्या चुलीवर उद्याच दुसरी बाई येईल.
ती पुन्हा पाखडायला लागली.

गेल्या साली पांझरा फुगली तेव्हा
मी अलीकडच्या काठाला, लाठी आडवी धरून गर्दी मागे सारत.
तो पलीकडे, हिरव्या ट्रकजवळ, रांगेत.
मधे पंपाच्या खोलीवर सुकलाल पाटकरी
आणि त्याच्या दोन शेळ्या.

पलीकडचे उतरेनात.
मागणीपत्र हवं होतं, जिल्ह्याचं, सहीचं.
राज्याने मागितल्याशिवाय
केंद्राने पाय भिजवायचा नाही.
बरोबरच असेल. न बोलावता बंदुका गावात शिरू लागल्या
तर तेही नकोच.
पण पस्तीस मिनिटं
मी नवऱ्याकडे बघत उभी होते
आणि नवरा साहेबाच्या फोनकडे.
हात केला नाही. दोघंही ड्युटीवर.

शेवटी काशिराम कोळी आला,
कुठल्याच पटावर नसलेला,
बनियनवर, स्वतःचा नावेचा दोर खांद्यावर टाकून.
"बाई, धर," म्हणाला, एक टोक माझ्या मुठीत दिलं
आणि दुसरं दातात धरून पाण्यात गेला.
पलीकडून हिलाल उतरला.
पत्र यायच्या आधी की नंतर,
मी त्याला कधी विचारलं नाही.
चौकशीतही कोणी विचारलं नाही.

सुकलाल निघाला. शेळ्या गेल्या.
तळहाताची साल आठ दिवसांनी आली.

आज पहाटे एकाच इस्त्रीने दोन रंगांचे कपडे केले,
आधी त्याचे, मग लाइट गेली.
माझी खाकी बाहीला चुरगळलेलीच.
फाट्यावर दोघं उभे, त्याला धुळ्याची गाडी, मला अमळनेरची.
काशिराम सायकलवरून उतरला.
"मना दोर कोनाकडे शे?"

ठाण्याच्या स्टोअरला नाही, मी बघितलंय.
ट्रकमधून गेला असेल तर देवळालीला असेल,
नाहीतर आणखी कुठे.
मी म्हटलं, यांना विचारा.
हिलाल म्हणाला, हिला.

काशिरामने दोघांच्या टोप्यांकडे पाहिलं,
एकदा इकडे, एकदा तिकडे.
मग धुळ्याची एसटी आधी आली.