फणसाची खालची फांदी

नझीम परकारने काउंटरवर तिन्ही मांडली,
स्थळांचे फोटो मांडावेत तशी.

पहिलं हिरव्या प्लास्टिकचं, नळीसारखं, सहा भोकांचं.
खोक्यावर लाल छातीचा कुणी परदेशी पक्षी,
पालशेतच्या खाडीवरून तो
चुकूनही उडाला नसेल.
"वैशाखात तडकेल," मी म्हटलं.
"तडकेल," नझीम म्हणाला. खोटं बोलत नाही तो,
म्हणून तर दुकान अजून एकाच गाळ्यात आहे.

दुसरं लाकडी, उतरत्या छपराचं, कठड्याचं,
आमच्या घराहून टापटीप.
श्रावणात बुरशी धरेल, मग वाळवी.
शिवाय सातभाई आले तर
सातांतले पाच बाहेर उभे राहून भांडणार.

तिसरं लोखंडी.
बाहेर गजांचा पिंजरा, आत दाण्यांची नळी.
मुनिया शिरते, चिमणी शिरते,
कावळ्याची चोच पोचत नाही.
"खारसुद्धा नाही," नझीम म्हणाला.
कुठली खार? झाडावरची, की वाऱ्यातली?
वाऱ्यातली तर माझ्या खिडकीचे गज
दर दोन वर्षांनी खाऊन टाकते.
तो हसला. रंगाचा एक हात फुकट मारून देतो म्हणाला.
ह्याला साठ रुपये जास्त होते.
कावळ्याने न येण्याचे.

गेल्या माघात ह्याच कावळ्यापुढे
(ह्याच, की ह्याच्या चुलतभावापुढे, कोण ओळखणार)
आम्ही अठरा माणसं पाऊण तास हात जोडून उभी होतो.
यशवंतभावजींचा दहावा.
बोटींच्या इंजिनांत हयात गेलेला माणूस,
नखांतलं काळं शेवटपर्यंत निघालं नाही.
पिंड उन्हात सुकायला लागला.
कावळे सुरूंच्या शेंड्यांवर बसलेले,
लग्नाला जेवून आल्यासारखे.
पुतण्या म्हणाला, बोट विकणार नाही.
कुणी हललं नाही.
जाऊ म्हणाली, वहीतली उधारी कुणाकडे मागणार नाही.
एक उडाला, दुसऱ्या सुरूवर जाऊन बसला.
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फणस मला तोडायचा होता.
त्याचा पाला विहिरीत पडतो, दर पहाटे मीच काढते.
त्यावरून आठ वर्षं भावजींशी माझं बोलणं
"जेवण वाढलंय" एवढंच.
भटजींना पावणेबाराची एसटी गाठायची होती.
"नाही तोडत," मी म्हटलं, जरा रागानेच.

आणि तो आला.
पिंडावर बसण्याआधी
मान वाकडी करून त्याने
मला एकदा नीट पाहून घेतलं.

आता त्याच फणसाच्या खालच्या फांदीला
काय टांगायचं, ते मी निवडत होते.
पिंजऱ्याच्या गजातून बोट घालून पाहिलं.
दुसऱ्या पेरापर्यंत जातं.

नझीमही होता त्या दिवशी,
लांब, चपला काढून, वाळू तापलेली असताना.
मागे खिळ्यांचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
त्याने काही न विचारता
तिसरं उचलून परत फळीवर ठेवलं.

मी काथ्याची दोन वाव दोरी घेतली.
परळ घरात होता, एका कडेला टवका उडालेला.
तो तिरका लोंबतो. वारा आला की कणी सांडते.
पहिल्या दिवशी कुणी नाही.
दुसऱ्या दिवशी खारीने सगळं खाल्लं,
वर बसून मला शिव्या दिल्या.
मग मुनिया आल्या, मोजू दिल्या नाहीत.
बुलबुल दाण्यांकडे ढुंकून न बघता
शेजारच्या मिरच्यांवर गेला.

आज सकाळी मी विहिरीतला पाला काढत होते.
फांदी खाली झुकली,
परळ पार कलंडला, आणि त्या काळ्याने
मान वाकडी केली.

आज हात जोडलेले नव्हते.
एका हातात बादली होती,
दुसऱ्यात फणसाची पानं, ओली,
आणि आम्ही दोघांनीही
घाई केली नाही.