सातवी टाकी

सहा टाक्या कापून झाल्या होत्या.
सातवीच्या बुडाशी
एक बाई गुडघ्यांवर बसलेली दिसली,
कान गवताला लावून,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशी.

ऑर्कनीत वारा कधी गप्प बसत नाही.
त्यात हिला काय ऐकू येणार, असं म्हणत
मी टॉर्चची नळी उलगडत होतो.
तिनं नुसता हात वर केला.

मग चार काठ्या, नारिंगी सुतळी,
मधोमध उंदरानं सोडलेलं बीळ
आणि बिळात एक बिऱ्हाड.
केसाळ माश्या, भुंग्याएवढ्या,
पाठीवर एक काळा पट्टा, बाकी सगळ्या
हळदीत लोळून आल्यासारख्या.
मेरिट रेंडल तिचं नाव. म्हणाली,
पूर्वी देशभर होत्या,
आता या उत्तरेच्या टोकालाच उरल्यात.

मुकादम फ्लेट म्हणाला,
चाळीस माश्यांसाठी चाळीस टनांची क्रेन
उभी ठेवू? भाडं रोजचं आहे.

मी म्हणालो, दुसऱ्या बाजूनं कापतो.
ती म्हणाली, नको.
उत्तरेचा वारा ही भिंत अडवते,
दुपारी पत्रा तापतो, त्याची ऊब बिळापर्यंत जाते,
आणि परतताना त्या
हा गंज बघूनच वळतात.
भिंत गेली तर घर राहील,
पत्ता राहणार नाही.

आता माझं सांगतो.
या टाक्यांत आरमाराचं तेल असे.
माझा बाप आत उतरून तळाचा गाळ खरवडायचा.
शनिवारी आई त्याचे कपडे
घराबाहेरच उकळायची.
लहानपणी तो वास आला की मी म्हणायचो, बाबा आले.
पुढे तो खोकत राहिला, सात वर्षं.
या कामाला मी स्वतःहून नाव दिलं होतं.
सातवी मला हवी होती.
हे कुणाला बोललो नव्हतो,
त्या बाईला तर नाहीच.

जुलै गेला.
मी पाइप कापले, कुंपण कापलं, जेटीचे खांब कापले
आणि जेवायला सुतळीपाशी बसू लागलो.
माश्या जांभळ्या फुलांवरून यायच्या,
पायांना पिवळी ओझी बांधून,
भिंतीसमोर क्षणभर थबकायच्या,
जुन्या दाराची कडी चाचपावी तशा,
आणि आत.

ऑगस्टात तीन दिवस समुद्रावरून धुकं चढलं.
एकही बाहेर आली नाही.
मी डबा न उघडताच घरी नेला.
बायकोनं विचारलं, बरं नाही का?
बरं होतं.

सप्टेंबरात ये-जा विरळ झाली.
उरलेल्यांच्या पंखांच्या कडा
धुवून धुवून विरलेल्या कापडासारख्या.
एका सकाळी एकच होती, चालत होती.
नव्या राण्या कुठे गेल्या, मी विचारलं.
जमिनीत, थंडीभर.
कुठे जमिनीत?
मेरिटनं खांदे उडवले.
एवढी शिकलेली बाई आणि तिला ठाऊक नाही,
हे मला आवडलं.

ऑक्टोबरात टॉर्च पेटवला.
पत्रे एकेक करून आडवे झाले.
आतून तोच वास आला,
इतक्या वर्षांनी, अगदी तोच,
आणि मी काच वर करून
थोडा वेळ उभा राहिलो.
डोळ्यांत ठिणगी गेली असं सांगितलं.

दक्षिणेकडची भिंत मात्र
कमरेइतकी ठेवली, दहा पावलं लांब.
नकाशात ती नव्हती.
मेरिटनंही मागितली नव्हती,
ती तर आधीच्या बोटीनं गेली होती.

फ्लेट सिगारेट ओढत
बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिला.
मग बोनेटवर फॉर्म ठेवून लिहिलं:
टाकी क्रमांक सात, निकाली.
पुढचा रकाना हवामानाचा.
तिथं त्यानं लिहिलं: वारा.