खोगीर

घोड्याला घालतात ते खोगीर
साठाव्या वर्षी मी माझ्याच कमरेला घातलं
आणि झाडाला म्हटलं, चल.

कल्लेशने पार्सलने तीन मागवली होती.
पहिलं रुंद, दुपदरी, पाळण्यासारखं.
त्यात झोप लागली असती. परत पाठवलं.
दुसरं जाळीचं, हलकं,
पण जांघेत असं रुतायचं
की पाच मिनिटांत पाय मुंग्यांचे.
तिसरं घेऊन अशोक चौकात गेलो, लक्ष्मय्या गाजूलकडे.
त्याने शिवणीवरून नख फिरवलं,
चादरीचा काठ बघावा तसं उजेडात धरलं,
म्हणाला, टाके मोजत बसू नका वायरमन, ओढा.
त्याने तिकडून ओढलं, मी इकडून.
तो दमला. पट्टा नाही.

शिकाऱ्यांसाठी निघालंय म्हणे हे, कुठल्या तरी लांबच्या मुलखात.
स्वतःला झाडाला टांगायचं,
खोडाच्या सावलीत सावली होऊन राहायचं.
मला कुणाला मारायचं नाही.
वैशाखी पुनवेला नान्नजच्या माळावर
रात्री पाण्याला येणारी जनावरं मोजायचीत,
आणि मचाणाचं लाकूड यंदा मंजूर झालेलं नाही.

तेहेतीस वर्षं खांबावर गेली.
खांबाला मत नसतं.
चढण्याआधी त्याला उलट्या हाताने शिवायचं,
करंट असला तर बोटं आपल्याकडे मिटतात,
लोखंडावर नाही.
मल्लिनाथ सुलट हाताने शिवला होता, होटगी फीडरला.

घरामागच्या लिंबावर सराव.
जमिनीपासून एक वीत.
गल्लीतली पोरं पायरीवर बसून बघायची,
काका उडणार कधी?
एका वितीवरून पडून काय होतंय,
असं मीही म्हणालो होतो.
माकडहाड आठवडाभर त्याचं उत्तर देत राहिलं.
महानंदा दारातून म्हणाली, ज्वाकी.
आमच्या घरात भीती कानडीतच बोलते.

हात सोडायचे, एवढंच जमत नव्हतं.
दोरी धरून आहे हे डोक्याला पटलेलं,
बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं.
चौथ्या दिवशी एक हात सुटला, त्यात चहाचा कप घेतला.
दहाव्या दिवशी दोन्ही.
डावीकडे वळणं मात्र जमलं असं आजही म्हणणार नाही.
दोरी काखेत शिरते, गुडघा सालीवर सोलतो,
आणि जनावर, कल्लेश म्हणतो,
नेमकं डावीकडूनच येतं.

मग ती रात्र.
पाणवठ्याकाठचा लिंब, अंदाजे अठरा फूट,
खिशात कडक भाकरीचे तुकडे नि शेंगाचटणीची पुडी,
खाली ताटाएवढं पाणी
आणि त्यात आख्खा चंद्र.
साळिंदर एक. खोकड दोन, की तेच दोनदा?
रकान्यात प्रश्नचिन्हाला जागा नव्हती.

अडीचच्या सुमाराला वारा उठला
आणि झाड हललं.
फार नाही. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी इतकं.
तेहेतीस वर्षांचं अंग एकदम ताठ.
खांब हलला तर एकच अर्थ असतो.
पेन्सिल पडली. दोन्ही हात खोडाला.
मग जरा लाज वाटली.
उजवा हात उलटा केला,
बोटांच्या पाठीने सालीला हळूच शिवलो.

लाइन चालू होती.

लांडगा आला असेल तर तो तेव्हाच येऊन गेला.
सकाळी चिखलात पंजे होते,
डावीकडून आलेले,
माझ्या पेन्सिलीपाशी थोडं थांबून गेलेले.
गार्ड म्हणाला, बघितला नाही तर लिहायचा नाही.
नाही लिहिला.

घरी महानंदाने कमरेवरचे वळ बघितले,
तेल कोमट करायला ठेवलं,
आणि लक्ष्मय्याला विचारा म्हणाली,
आत बोटभर कापूस भरता येतो का.