पुनर्प्रेषण शुल्क

एक तारखेपासून लागू, एवढंच मेलमध्ये होतं.
आधी एकदा काढलेला क्रेडिट रिपोर्ट
दुसऱ्या बँकेला, तिसऱ्या बँकेला
मी नुसता धाडून द्यायचे,
शेजारणीला विरजण द्यावं तसा.
आता दर खेपेला चारशे,
वर अठरा टक्के.
चारशे बहात्तर.

कोपरखैरणे, फरसाणच्या दुकानावरचा माळा.
समोर संजीवन ओव्हाळ,
मे महिन्यात स्वेटर घालून.
तुर्भ्याच्या शीतगृहात सफरचंदांच्या पेट्या मोजतो,
शिफ्ट सुटली की तसाच येतो
आणि माझ्या पंख्याखाली बसून
हळूहळू वितळतो.

उलव्यात वन आरके पाहिलाय.
ललितानं, त्याच्या बायकोनं, फरशा मोजल्यात:
लांबीला सतरा, रुंदीला साडेनऊ.
अर्धी कुठली, विचारलं तर म्हणाला,
ती भिंतीखाली जाते, पण पैसे पूर्ण फरशीचे.

पहिल्या बँकेनं नाही म्हटलं.
दुसरीनं तेवढेही कष्ट घेतले नाहीत.
पान तीन, ओळ सहा: फ्रिजचं कर्ज.
सगळंच बंद होतं त्या वर्षी, चार हप्ते थकले,
मग वसुलीवाला म्हणाला,
अकरा हजार टाका, विषय मिटवा.
यानं टाकले. विषय मिटला.
रिपोर्टात तेव्हापासून एकच शब्द बसलाय:
सेटल्ड.

हा शब्द समजावून सांगताना
मलाच ओशाळल्यासारखं होतं.
मांडवात मावश्या विचारतात ना,
मुलगा सेटल झाला का?
झाला म्हटलं की खुर्ची पुढे सरकते.
इथं सेटल झालास
म्हणजे बुडवलंस थोडं.

त्यानं स्वेटरची बाही खाली ओढली.
"म्हणजे मी सेटल आहे म्हणून घर मिळत नाही?"
साधारण तसंच, म्हणाले.
"आणि हे चारशे बहात्तर भरले की
तो शब्द जातो?"
नाही. तोच कागद जातो, तीच ओळ,
फक्त बेलापूरच्या बँकेत.

खाली गुणवंत झेरॉक्सचे दोन रुपये घेतो,
शाई फिकी आली
तर दुसरी प्रत तशीच देतो.
हे मी बोलले नाही.
प्रोसेसिंगमध्ये टाकू का, एवढं विचारलं.
"नको. मग ते वीस वर्षं फेडत बसेन."

पाचशेची नोट. अठ्ठावीस परत.
ड्रॉवरमध्ये वीसच निघाले.
आठ राहू द्या, म्हणाला, जिन्यापर्यंत गेला,
आणि वळला.
"नाही, लिहून ठेवा मॅडम.
कुठंतरी लिहिलेलं असू दे
की माझं कुणाकडं तरी येणं आहे."

डायरी उघडली. तारीख घातली.
ओव्हाळ, आठ रुपये, बाकी.
"आणि द्याल तेव्हा," तो खालून म्हणाला,
"सेटल्ड नका लिहू."